स्क्रीनवर ‘बाकी’ होतं

३ सप्टेंबर

प्रिय ताई,

नमस्कार. आम्ही सगळे इकडे बरे आहोत. तुझी आणि भाऊजींची खुशाली कळव. फोन केला की भाऊजी उचलतात आणि ‘ती झोपलीये’ म्हणतात. दुपारी चारला तू आयुष्यात कधी झोपल्याचं मला आठवत नाही, पण असो. म्हणून शेवटी कागद-पेन घेतलं. हसू नकोस. दिवसभर दुसऱ्यांना कागद सोडायला लावणारा माणूस आज स्वतः पत्र लिहायला बसलाय, आणि अक्षर इतकं बिघडलंय की पहिला कागद टाकून द्यावा लागला.

तुझ्या भावजयीचा खांदा आता बरा आहे, हात डोक्यापर्यंत जातो. लेक पोहायला शिकतेय. पाण्यात जाण्यापेक्षा काठावर बसून पाय हलवणं तिला जास्त आवडतं, पण मास्तर म्हणतात, तेही शिक्षणच.

ऑफिसात आता तिसरा मजलाही घेतला. परवा मोजणी झाली, चारशे बारा माणसं. सायकल-दुरुस्तीच्या दुकानावरची ती खोली आठवते तुला? चार टेबलं, एक पंखा, आणि खालून येणारा टायरच्या सोल्युशनचा वास. तू पहिल्यांदा आलीस तेव्हा म्हणाली होतीस, “इथे डोकं चालतं की नुसतं गरगरतं?” आता लिफ्टमधून जाताना निम्मे चेहरे ओळखू येत नाहीत. गेल्या आठवड्यात एका नव्या इंजिनिअर मुलीने मला विचारलं, “तुम्ही कुठल्या टीममध्ये?” मी म्हटलं, “तेच शोधतोय.” ती बिचारी मला वाट दाखवायला निघाली.

अजून एक. पुढच्या आठवड्यात एका मोठ्या संमेलनात मला बोलायला बोलावलंय. विषय: चार माणसांपासून चारशेपर्यंत. समोर सगळे नव्या कंपन्यांचे तरुण प्रमुख असणार. लंबू तर हुरळून गेलाय. (तोच गं, माझा भागीदार, तुझ्या दाराच्या चौकटीला डोकं आपटून घेतलेला.) म्हणतो, “आपल्या गोष्टीला आता ऐकणारे मिळाले.”

तुझ्या त्या प्रकरणाबद्दल काय लिहू? अकरा नंबरच्या पलंगावरचे शिंपीकाका घरी गेले असं कळलं, बरं वाटलं. चौकशी म्हटली की वेळ लागतो. निलंबन म्हणजे शिक्षा नव्हे, एक रीत असते. तू फार मनाला लावून घेऊ नकोस. तीस वर्षं नर्सची नोकरी केलीस, कधी नाही ती विश्रांती मिळतेय असं समज.

आणि रागावणार नसशील तर एक सांगू? तूच मागे म्हणाली होतीस, हल्ली चष्मा कुठे ठेवला ते आठवत नाही. आईचं सुरुवातीला कसं झालं होतं ते तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. एकदा डॉक्टरांना दाखवून घ्यायला काय हरकत आहे? मनातली शंका तरी जाईल.

भाऊजींना नमस्कार. तब्येतीला जप.

तुझा,
धाकटा



१२ सप्टेंबर

ताई,

मागच्या पत्रातला डॉक्टरांना दाखवण्याबद्दलचा मजकूर फाडून टाक. तुला काहीही झालेलं नाही. चौदा ऑगस्टला दुपारी दोन वीसला तू टॅबलेटवर इंजेक्शनपुढे ‘बाकी’ वाचलंस, कारण तिथे ‘बाकी’ असंच लिहिलेलं होतं. तुझे डोळे ठीक आहेत. तुझं डोकं ठीक आहे. चूक आमच्या सॉफ्टवेअरची आहे, आणि ते मला त्याच दिवशी संध्याकाळी सहाला कळलं होतं.

हे एवढं लिहायला मला एकोणतीस दिवस लागले.

आता नीट सांगतो. मध्ये थांबलो तर पुन्हा काहीतरी गोड गोड लिहीन.

त्या दिवशी नव्या सिस्टरने अकरा नंबरला रक्त पातळ करण्याचं इंजेक्शन दोन वाजून पाच मिनिटांनी दिलं आणि तिच्या टॅबलेटवर ‘दिलं’ अशी खूण केली. मग दुसऱ्या पेशंटला घेऊन ती एक्स-रेला गेली, म्हणून तुम्हा दोघींचं तोंडी बोलणं झालं नाही. तुझ्या हातातल्या टॅबलेटचं नेटवर्क एक बावन्नला तुटलं होतं. ते दोन एकतीसला जोडलं गेलं. मधली एकोणचाळीस मिनिटं तुझ्यासमोर जुनी यादी होती, आणि ती जुनी आहे हे सांगणारं एक अक्षरही स्क्रीनवर नव्हतं. तुझी दोन एकवीसची नोंद दहा मिनिटं टॅबलेटमध्येच अडकून राहिली. नंतर चौकशी समितीने नोंदी काढल्या तेव्हा त्यात दिसलं: दोन पाच, दिलं. दोन एकवीस, दिलं. त्यांनी सरळ अर्थ लावला की बाईंनी आधीची खूण पाहूनही दुसऱ्यांदा टोचलं. तुझ्या स्क्रीनवर त्या क्षणी काय दिसत होतं, याची नोंद त्या यादीत नसते. ती शोधायची कुठे, हे फक्त आम्हाला माहीत असतं.

तू मला चारला फोन केलास. “असं होऊ शकतं का रे, की तिने खूण केली आणि मला दिसलीच नाही?” मी म्हटलं, “बघतो.” बघितलं. सातला तू पुन्हा फोन केलास, आणि मी म्हणालो, “ताई, आमच्या नोंदीत दोन पाचलाच ‘दिलं’ आहे.”

यातला एक शब्द खोटा नाही. पण तुला जे कळायला हवं होतं, ते मी गिळलं. तू म्हणालीस, “मग माझंच चुकलं असेल.” आणि मी ‘हूं’ म्हणालो.

का? हे मी रोज स्वतःला विचारतो, आणि रोज वेगळं उत्तर देतो. त्यातलं सगळ्यात कमी वाईट उत्तर असं, की पुढच्याच सोमवारी बारा हॉस्पिटलांचा करार व्हायचा होता आणि चारशे बारा घरं माझ्या डोळ्यांसमोर होती. सगळ्यात खरं उत्तर असं, की ती चूक कोणा एका इंजिनिअरची नव्हती. माझी होती, माझ्या सहीची.

आमच्याकडे एक टेस्टर आहे. आम्ही तिला शंकाबाई म्हणतो. चांगलं चाललेलं सॉफ्टवेअर घेऊन ते कुठे मोडेल हे शोधत बसणं हेच तिचं काम. एप्रिलमध्ये तिने लिहून दिलं होतं: ‘नेटवर्क गेल्यावर यादी जुनीच राहते आणि नर्सला ते कळत नाही. धोका आहे.’ सोबत चित्रही काढून दिलं होतं, दोन टॅबलेट आणि मध्ये एक पलंग. मी वाचलं. तिला म्हटलं, “चांगली नजर आहे तुझी.” आणि खाली शेरा मारला: ‘सध्या थांबवा. विस्तारानंतर घेऊ.’

त्या वेळी आम्ही नऊ महिन्यांत एका हॉस्पिटलवरून चाळीसवर जात होतो. मला या कामाचा अनुभव होता, ताई. आधीच्या कंपनीत बाराचे तीनशे केले, ते मीच. लोक मला त्यासाठीच बोलावतात. वाढायचं म्हणजे रोज सकाळी शंभर कामांपैकी नव्वदांना ‘नंतर’ म्हणायचं. ते ज्याला न डगमगता जमतं तो मोठा होतो. मला फार छान जमायचं. इतकं की ‘नंतर’ म्हणताना समोरच्या कागदावर काय लिहिलंय ते पोटात उतरायचंच बंद झालं.

आणि हे सगळं सुरू कुठे झालं? तुझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर. दोन वर्षं दर रविवारी तू मला वॉर्डचे कागद काढून दाखवायचीस. कोणती औषधं किती वाजता, कुठल्या रकान्यात काय. “अक्षर मोठं कर, प्रत्येकीकडे धड चष्मा नसतो,” हे तूच सांगितलंस. पहिलं हॉस्पिटल तुझं मिळालं ते तुझ्या शब्दावर. मेट्रनबाई पलंगाच्या पायथ्याचा कागदी चार्ट सोडायला तयार नव्हत्या. तू म्हणालीस, “माझ्या भावाने केलंय, मी जबाबदार.” चार्ट निघाले. ते असते, तर चौदा ऑगस्टला तू अकरा नंबरचा कागद उचलून बघितला असतास आणि इंजेक्शनची सुई परत ट्रेमध्ये ठेवली असतीस.

आता संमेलनाचं सांगतो. काल बोललो. टाळ्या पडल्या. मग प्रश्न सुरू झाले. तिसऱ्या रांगेतली एक तरुण बाई उठली आणि म्हणाली, “वाढताना काय मागे ठेवायचं, हे तुम्ही कसं ठरवता?” मी तयारच होतो, हे उत्तर मी दहा ठिकाणी दिलंय. म्हटलं, “जे वापरणाऱ्याच्या लक्षात येत नाही, ते मागे ठेवा.” सगळ्यांनी वह्या उघडल्या, ताई. दोनशे माणसं ते वाक्य लिहून घेत होती. मी तसाच उभा राहिलो. पुढचा प्रश्न आला तो ऐकूच आला नाही. संयोजकांना वाटलं मला चक्कर आली. त्यांनी खुर्ची दिली.

तिथून सरळ ऑफिसात गेलो. लंबूला केबिनमध्ये बसवलं आणि सांगितलं, मी चौकशी समितीला लिहितोय.

तसं लंबूला पंधरा ऑगस्टपासून माहीत होतं. त्याने वकिलांना विचारलं होतं, वकिलांनी ‘घरच्यांनाही अवाक्षर नाही’ म्हणून बजावलं होतं. आम्ही चार दिवसांत सगळीकडे दुरुस्ती पाठवली. नेटवर्क गेलं की आता वर लाल पट्टी येते, ‘ही यादी जुनी आहे’. सोबतच्या पत्रात आम्ही तिला ‘लहानशी सुधारणा’ म्हटलं. पेशंट सुरक्षित झाले, म्हणून मी स्वतःची समजूत घातली. तेवढ्यात तू सस्पेंड झालीस.

लंबू म्हणाला, “तुझ्या बहिणीसाठी आपण दुसरं काहीही करू. चांगला वकील देऊ. आपल्याकडे सल्लागार म्हणून घेऊ. पण हे लिहू नकोस.”

मी म्हटलं, “तिला नोकरी नकोय रे. तिला कळायला हवंय की ती ठीक आहे.”

तो उठून खिडकीपाशी गेला. वाईट माणूस नाही तो. म्हणाला, “मग निदान मला आधी न विचारता लिहिलंस असं म्हण.” मी तसं म्हणेन.

खाली जाऊन शंकाबाईला भेटलो. तिचा एप्रिलचा कागद समितीला द्यायचा तर तिची परवानगी हवी होती. ती म्हणाली, “त्या दिवशी तुम्ही माझं कौतुक केलंत, सर. मी घरी जाऊन आईला सांगितलं. महिन्याभराने मला कळलं की कौतुक झालं, काम झालंच नाही.” मग ड्रॉवरमधून तिने प्रत काढली. तिने जपून ठेवली होती.

आज सकाळी माझी लेखी साक्ष, तुझ्या टॅबलेटच्या जोडणीच्या वेळा आणि शंकाबाईचा कागद, हे सगळं मी स्वतः हॉस्पिटलच्या कचेरीत दिलं. पोच घेतली. हे पत्र तिथल्याच बाकावर बसून लिहितोय. तू या दारातून तीस वर्षं आत गेलीस. मला आत वॉर्डपर्यंत जायचं धाडस झालं नाही.

मी माफी मागत नाही, कारण मागितली तर तू लगेच देशील, तुझा स्वभावच तसा आहे. आईच्या शेवटच्या सहा वर्षांत तू एकटीने सगळं केलंस आणि मी पहिली कंपनी उभारत होतो, तेव्हाही तू मला कधी टोचून बोलली नाहीस. या वेळी तसं करू नकोस.

धाकटा



१७ सप्टेंबर

धाकट्या,

पत्र मिळालं. तुझ्या भाऊजींनी वाचून दाखवलं, कारण दुसऱ्या पानानंतर मला अक्षर दिसेना. मी रडत होते असं समजू नकोस. संतापाने डोळ्यांपुढे अंधारी आली होती.

माफी मागितली तर लगेच देईन म्हणतोस. हे कोणी सांगितलं तुला?

यंत्र चुकलं त्याचं मला काही नाही. यंत्रं चुकतात. एकदा ऑक्सिजनचा काटा चुकीचा दाखवत होता, मी पेशंटच्या ओठांकडे बघून ओळखलं. तू ‘सध्या थांबवा’ लिहिलंस, तेही मी एक वेळ समजू शकते. आमच्याकडे सुद्धा वीस पेशंट आणि दोन नर्स असल्या की कोणाला तरी ‘थांबा’ म्हणावंच लागतं. पण मी तुला विचारलं होतं. मी दुसऱ्या कोणाला विचारलं नव्हतं, तुला विचारलं. आणि तू मला ‘हूं’ म्हणालास.

तुला माहीत आहे गेला महिना मी काय करत होते? गॅस बंद केला की नाही ते चार-चारदा उठून बघत होते. बाहेर जाताना कुलूप ओढून बघायचे, जिना उतरायचे, पुन्हा वर यायचे. सकाळी उठून आपल्या दोघांची, आईबाबांची, शेजाऱ्यांची नावं वहीत लिहून काढायचे, एखादं सुटतंय का बघायला. आईने पावडरचा डबा फ्रीजमध्ये ठेवला होता तो दिवस मला रोज आठवायचा. तुझ्या भाऊजींना मी सांगून ठेवलं होतं की मला त्यांची ओळख पटेनाशी झाली तर कोणत्या संस्थेत ठेवायचं. ते मुकाट ऐकून घ्यायचे आणि मग बाथरूममध्ये जाऊन नळ सोडायचे.

तुझं पहिलं पत्र आलं त्याच दिवशी मी तपासणीची वेळ घेतली. ‘माझा भाऊही म्हणतोय’ असं त्या डॉक्टरीणबाईंना सांगितलं. त्यांनी घड्याळाचं चित्र काढायला लावलं, शंभरमधून सात-सात वजा करायला लावलं. मी इतकी घाबरले होते की दोन ठिकाणी चुकले. त्या म्हणाल्या, तीन महिन्यांनी पुन्हा या. एवढा एक कागद माझ्या नावावर तयार झालाय, तुझ्यामुळे.

आणि अजून एक सांगते. ती लाल पट्टी आल्याचं नव्या सिस्टरने मला घरी येऊन सांगितलं होतं. ‘ताई, आता यादी जुनी असली की लाल दिसतं, आधी दिसत नव्हतं.’ मला तेव्हाच कळायला हवं होतं. कळलंही होतं, अर्ध्या क्षणापुरतं. मग मी तिला म्हटलं, “नाही गं. तसं काही असतं तर माझा भाऊ मला सांगितल्याशिवाय राहिला नसता.”

हे तिला मी म्हटलं. तुझ्या बाजूने.

समितीची बैठक सहा ऑक्टोबरला आहे. कागद दिलेस ते बरं केलंस, पण कागद पाठवून मोकळा होऊ नकोस. तिथे ये. सगळ्यांसमोर तोंडाने सांग. माझ्याकडे बघून सांग.

तोवर फोन करू नकोस.

ताई



९ ऑक्टोबर

प्रिय ताई,

तू सांगितलंस म्हणून फोन केला नाही, आणि सहा तारखेनंतर करता येईल की नाही हे तू सांगितलं नाहीस, म्हणून पुन्हा पत्र.

त्या दिवशी तू खोलीत होतीस, तेव्हा काय झालं ते तुला सांगायचं कारण नाही. पण मला ते माझ्या जागेवरून कसं दिसलं ते लिहायचंय. लांबट टेबल, तिघे समोर: सुपरिटेंडंट, बाहेरचे डॉक्टर आणि ते निवृत्त न्यायाधीश, ज्यांना टॅबलेट कुठून सुरू करायचा तेही माहीत नव्हतं. तू खिडकीजवळ, इस्त्रीच्या साडीत, पर्स मांडीवर घट्ट धरून. मी बोलायला सुरुवात केली, तर तेच संमेलनातलं बोलणं तोंडातून यायला लागलं. ‘विस्ताराच्या टप्प्यात काही प्राधान्यक्रम...’ न्यायाधीश म्हणाले, “साध्या भाषेत सांगा. मला साधा मोबाईलही नातवंडं समजावून सांगतात.” तेव्हा मी दोन टॅबलेट टेबलावर ठेवले. जुनंच सॉफ्टवेअर घातलेले. एकाचं नेटवर्क बंद केलं. दुसऱ्यावर अकरा नंबरपुढे ‘दिलं’ची खूण केली. आणि म्हटलं, आता बघत राहा.

सुपरिटेंडंट साहेबांनी पहिला टॅबलेट हातात घेतला. अकरा मिनिटं तिघेही आळीपाळीने त्यात बघत होते. ‘बाकी’. हिरव्या अक्षरात, अगदी शांतपणे, ‘बाकी’. न्यायाधीश मध्येच चष्मा पुसून पुन्हा बघायचे. शेवटी ते तुझ्याकडे वळून म्हणाले, “बाई, तुम्ही पहिल्या दिवसापासून हेच सांगत होतात ना?” तू म्हणालीस, “हो. शेवटी शेवटी सांगायचं सोडलं होतं.”

तेव्हा मी तुझ्याकडे बघून सांगितलं. तू म्हणाली होतीस तसं. की मला सहाला कळलं, सातला तू विचारलंस, आणि मी लपवलं. आधी ठरवून आलेलं एकही वाक्य उपयोगी पडलं नाही. तू नजर हलवली नाहीस. माझीच हलली.

निकाल तुला मिळालाच आहे. निलंबन मागे, सेवेत खंड नाही, नोंदवहीतला शेरा रद्द. माझ्याकडे एक प्रत आली. ती मी तुझ्या भावजयीला वाचून दाखवली. ती म्हणाली, “आणि त्या तपासणीच्या कागदाचं काय?” तो माझ्या हातात नाही. पण मी त्या डॉक्टरीणबाईंना लिहिलंय, सगळी हकीकत, समितीच्या निकालासकट. पुढच्या तपासणीला मी सोबत आलेलं तुला चालेल का, हे तूच सांग. नाही म्हणालीस तर नाही.

काल शिंपीकाकांकडे गेलो होतो. वकिलांनी जाऊ नका म्हटलं होतं. दुमजली घर, खाली दुकान, शिलाईयंत्रावर कापड झाकलेलं. त्यांना सगळं सांगितलं. ते ऐकत होते, मध्ये मध्ये डावा हात उजव्या हाताने चोळत. दोन डोसांमुळे डोक्यात रक्तस्राव झाला होता, त्याने त्या हाताच्या बोटांत जोर राहिला नाही. मापं घेता येतात, सुईत दोरा ओवता येत नाही. सूनबाई ओवून देतात. मी म्हटलं, तुम्हाला जे करायचं असेल, तक्रार, खटला, त्यात मी खरं तेच सांगेन. ते म्हणाले, “मुलाला विचारतो. तो रागात आहे. मी अजून ठरवलं नाही रागवायचं की नाही.”

मग मी निघालो तेव्हा ते म्हणाले, “दोनदा टोचलं ते मला कळलंच नव्हतं. पण त्या सिस्टर रोज आयसीयूच्या काचेपाशी यायच्या. आत सोडत नव्हते त्यांना. पाच मिनिटं उभ्या राहायच्या, माझा हात हलतोय का बघायच्या, आणि जायच्या. ते कळायचं.”

तू हे मला कधी सांगितलं नाहीस. सांगशील तरी कसं? आपण बोलतच नव्हतो.

इकडचं म्हणशील तर, गुंतवणूकदारांनी मला जायला सांगितलंय. सहा आठवडे दिलेत. बारा हॉस्पिटलांपैकी पाच मागे गेली, सात थांबली आहेत. त्यातल्या एका मेट्रनबाईंनी कळवलं की जी कंपनी स्वतःची चूक टेबलावर मांडून दाखवते तिचं निदान काय बिघडतं ते आम्हाला समजेल. लंबू माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलतो. पण परवा लिफ्टमध्ये आम्ही दोघंच होतो, तर म्हणाला, “तुझी बहीण कामावर गेली का?” मी ‘सोमवारपासून’ म्हटलं. त्याने मान हलवली.

मोठी खोली सोडली. पहिल्या मजल्यावर शंकाबाईच्या समोरचं टेबल घेतलंय. ती, मी आणि दोन इंजिनिअर. लाल पट्टी पुरेशी नाही, हे तिचं म्हणणं, आणि ते बरोबर आहे. घाईत असलेला माणूस पट्टी वाचत नाही. सहा आठवड्यांत काय होईल ते करून जायचं. पंधरा वर्षांनी मी स्वतःच्या हाताने प्रोग्राम लिहायला बसलो आणि पहिल्या दिवशी तीनदा चुकलो. शंकाबाईने तीनही चुका लिहून दिल्या. शेरा मारायची जागा तिने या वेळी कागदावर ठेवलीच नाही.

पुढे काय, माहीत नाही. दोन कंपन्यांनी विचारलंय. ‘वाढवून द्या’ म्हणतात. अजून उत्तर दिलेलं नाही.

आता जे विचारायचंय ते. बैठक संपल्यावर व्हरांड्यात तू माझ्याजवळून गेलीस. मला वाटलं, तशीच जाशील. पण तू थांबलीस आणि म्हणालीस, “सकाळी सातला हँडओव्हर असतो. वीस मिनिटांत एक नर्स सगळा वॉर्ड दुसरीच्या हातात देते. तुझ्या माणसांनी तो कधी पाहिलाय?” आणि उत्तर न ऐकता गेलीस.

नाही, ताई. माझ्या चारशे बारा माणसांपैकी एकानेही पाहिलेला नाही. मीही नाही. तू टेबलावर सांगितलंस ते मी लिहून घेतलं आणि मला वाटलं, आपल्याला वॉर्ड कळला.

मेट्रनबाईंची परवानगी मी मागितली. त्यांनी एका ओळीत उत्तर दिलं: ‘तुमच्या बहिणीला विचारा. त्या हो म्हणाल्या तर या.’ सोमवारी पावणेसातला मी वॉर्डच्या दाराबाहेर असेन. शंकाबाईही येतेय, वही घेऊन. आम्ही भिंतीला लागून उभे राहू, मध्ये बोलणार नाही, कोणाच्या वाटेत येणार नाही. तुला नको वाटलं तर दार लोटून घे. मी समजून घेईन आणि परत जाईन, आणि मंगळवारी पुन्हा येईन.

तुझा भाऊ